वाळ्याचा बांध

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीनं सांडपाण्याच्या तळ्याभोवती वाळा लावला. लावण्याआधी आम्हा सगळ्यांना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवून पर्यावरण विभागातल्या एका तरुण मुलीनं पडद्यावर चित्रं दाखवली. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, माणसाच्या उंचीपेक्षाही खोल, माती घट्ट धरतात, घाण पाणी गाळतात, असं ती मनापासून सांगत होती. शेवटी म्हणाली, "आणि महत्त्वाचं म्हणजे हे गवत इकडंतिकडं पसरत नाही. जिथं लावाल तिथंच राहतं. आपण हलवल्याशिवाय ते जागा सोडत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारचा मेंटेनन्सवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काय राव, एसीत घाम फुटलाय तुम्हाला?" मी ॲसिडिटी म्हणून सांगितलं. त्या हॉलच्या खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसते. भिंतीच्या पलीकडं अजून थोडा वाळा उभा आहे. तो कुणी हलवला होता, हे त्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं. मला ह्या कंपनीत खुर्ची मिळाली ती त्याच हलवण्याची कमाई आहे.

आमचं गाव चाकणच्या अलीकडं. आता गाव म्हणायला कमान आणि मारुतीचं देऊळ तेवढं उरलंय, पण तेव्हा आमचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर ओढ्याच्या काठाला एकटं उभं असायचं. चैत्र लागला की पत्रा तापून कडकड वाजायचा, आणि दुपारी जेवणं आटोपली की आई दारावर वाळ्याचा पडदा सोडायची. तांब्यानं त्यावर पाणी मारलं की आधी सपसप आवाज, मग सारवलेल्या जमिनीवर थेंबांचा टपटप आवाज, आणि मग तो वास. त्या वासात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं खाऊन आम्ही आडवे व्हायचो. पाण्याच्या डेऱ्यात वाळ्याची जुडी असायची, कपड्यांच्या ट्रंकेत असायची, पात्यांनी गोठ्याचं छप्पर शाकारलेलं असायचं. पिंपरीहून कुणी पाहुणा आला आणि पाणी पिऊन "वहिनी, ह्यात काय टाकलंय?" म्हणाला की आई, जणू खीरच वाढलीय अशा तोऱ्यानं, "काय न्हाई, साधं पाणी हाय," म्हणायची. आता निगडीच्या फ्लॅटमध्ये माझी बायको वाळ्याचं सरबत बाटलीतून आणते. ते हिरवंगार असतं. वाळ्याचं मूळ मातकट पिवळं असतं, हे मी मुलांना एकदा सांगायला गेलो, तर त्यांनी बाटलीवरचं चित्र दाखवलं. वाळ्याबद्दल खरं सांगण्याचा माझा अधिकार तसाही फार मोठा नाही.

तो वाळा आमच्या बांधावर कसा आला ते सांगायला हवं. वाटणी झाल्यापासून अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटे काका यांच्यात बांधावरून दर वर्षी जुंपायची. नांगरट आली की ह्यांचा नांगर चार बोटं पुढं जाई, त्यांचा चार बोटं अलीकडं येई. शेवटी बांध इतका बारीक झाला की त्यावरून शेळीसुद्धा विचार करून चालायची. एका वर्षी काकांनी अप्पांवर नांगराचं रुमणं उगारलं. मारलं नाही, उगारलं. अप्पा घरी आले, जेवले नाहीत, भिंतीला टेकून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीवर गेले, काठावरचे वाळ्याचे ठोंब उपटून डोक्यावरून आणले आणि एकेक फुटवा वीत-वीत अंतरावर एका रांगेत लावायला लागले. काका पलीकडून बघत उभे होते. मग काय झालं कोण जाणे, ते ओढ्यावर गेले आणि पाण्याच्या घागरी आणायला लागले. मी सात-आठ वर्षांचा असेन. मोठी माणसं तेव्हा पोरांना काही सांगत नसत आणि मी काही विचारलं नाही. एवढंच कळलं की भांडण मिटलं आणि त्या दिवसापासून आमच्या दोन घरांत वाळा म्हणजे हद्द.

वाळ्याची मुळं काढायची एक रीत ठरून गेली. संक्रांत झाली की दर तिसरा ठोंब खणायचा, मुळं कापून घ्यायची आणि वरचा फुटवा त्याच खड्ड्यात परत रोवायचा. दुसरा खड्डा घ्यायचा नाही. खणताना दोन्ही घरांतलं एकेक माणूस हजर पाहिजे. मुळं ओढ्यावर धुवायची, दगडावर आपटायची, सावलीत वाळवायची, अर्धी त्यांची, अर्धी आमची. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्याचा करा भरतात, त्यात पहिली जुडी पडायची. करा दोन्ही घरांत मिळून एकच, आमच्या घरी. जुडी टाकायचा मान काकीचा. काका तरणेपणीच काविळीनं गेले, त्यानंतर त्यांचंही नाव त्याच कऱ्यात आलं. काकी डोक्यावरचा पदर सावरत येई, जुडी पाण्यात सोडी, मग आई तिला पुरणपोळी वाढी, आणि थोरले दीर, तिचे दादा, समोर म्हणून काकी चुलीकडं तोंड करून जेवी. दत्ता, तिचा मुलगा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान.

मी आयटीआय फिटर झालो आणि चिखलीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हंगामी लागलो, तेव्हा आमच्या भागात कंपन्या यायला लागल्या होत्या. रस्त्यानं सायकलवरून जाताना मी प्रत्येक कुंपणाच्या आत बघायचो. पर्मनंट हा शब्द तेव्हा आमच्या वयाच्या पोरांना एखाद्या मुलीच्या नावासारखा वाटायचा. एक दिवस ह्या कंपनीचा जागा बघणारा माणूस आमच्याच दारात आला. मागच्या बाजूची जमीन त्यांनी घेतली होती, गेटपर्यंत रस्ता हवा होता, आणि ओढा ते बांध ही आमची पट्टी त्यांना सरळ पडत होती. रस्त्याला जमीन देणाऱ्या घरात एक पर्मनंट नोकरी. त्यानं टेप धरली, दोन ठिकाणी मोजलं आणि मान हलवली.

"खालच्या अंगाला सत्तावीस फूट भरतंय. तीस पाहिजे. ट्रेलर वळायचेत काका, बैलगाडी नाही."

"वड्याकडनं बघा की जरा," अप्पा म्हणाले.

"ओढ्यात रस्ता बांधू काय? एक करा. सरकारी मोजणी मागवा. कित्येकदा बांध एकीकडं असतो नि नकाशा दुसरीकडं."

अप्पा इतक्या चटकन बोलले की मी दचकलो. "मोजणी नगं. वाळा हाय तिथवर आमचं. त्याच्या पल्याड दत्ताच्या आईचं."

"बघा बुवा. ओढ्यापलीकडचे तयार बसलेत. दोन महिन्यांनी येतो, तेव्हा फायनल करू."

त्या रात्री ताटावर मी अप्पांशी भांडलो. मोजणी मागवायला काय जातं, असं विचारलं. ते म्हणाले, "वाळा लावलाय न्हवं? बास." मी म्हणालो, वाळ्यापायी माझी नोकरी जाईल. ते शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "जाऊ दे." मला वाटलं, हा माणूस अडाणी आहे, कागदाला भितो, आणि पोराचं भलं ह्याला बघवत नाही. वीस वर्षांच्या मुलाला बापाबद्दल ह्याहून फार वेगळं काही वाटत नसतं, पण मी तसं वागूनही दाखवलं, हा माझा वेगळेपणा.

त्याच पौषात अप्पांची कंबर धरली. त्यांना उठून ओसरीपर्यंत येता येईना, रानात जायचा प्रश्नच नव्हता. संक्रांत झाली. मी वर्कशॉपला चार दिवसांची सुट्टी टाकली, कुदळ-पहार घेतली आणि काकीच्या दारात गेलो.

"काकी, औंदा सगळाच वाळा काढू. ठोंब म्हातारं झाल्यात, मुळं एकमेकांत गुतल्यात."

"समदाच?" ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. "तुझ्या अप्पांना इचारलंस का?"

"अप्पांनीच सांगितलंय," मी म्हणालो.

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप आलं, म्हणजे खोटं बोलण्याची मला किती सहज हातोटी होती ते बघा. आजवर मी जमीन सरकवल्याचं पाप मोजत आलो, पण खरं काम ह्या दोन शब्दांनी केलं होतं. काकी क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "दादांनीच सांगितलंय म्हटल्यावर चल."

तीन दिवस आम्ही खणत होतो. भर उन्हात, सगळ्या शिवाराच्या देखत. चोर लपूनछपून काम करतात असं म्हणतात, पण मला लपायची गरजच पडली नाही. येणारे-जाणारे थांबून माझं कौतुक करत होते. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "शिकलेला असून रानात उतरतोय, चांगलं हाय पोरगं." सगळे ठोंब निघाले, मुळांचा ढीग लागला, बांधाची जागा भुसभुशीत होऊन सपाट झाली. खड्डेच राहिले नाहीत. मग नवी रांग धरायला मी सुतळी काढली. खालच्या टोकाला मी खुंटी ठोकली, ती आधीच दोन हात काकीच्या रानात. सुतळीचं दुसरं टोक धरायला दुसरं कुणी नव्हतं. काकीनं धरलं.

"हितं धरू?"

"अजून जरा तिकडं."

"हितं?"

"अजून थोडं, काकी. हां."

ती दोन वेळा मागं सरकली. मग तिनं पायाखालच्या मातीकडं पाहिलं, सुतळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर खोचून खाली बसली. म्हणाली, "धर नीट. रांग सरळ आली पाह्यजे." मी फुटवे रोवत गेलो आणि ती मागून घागरीनं पाणी घालत आली. दुपारी तिनं ताक आणि ठेचा-भाकरी आणली. मी जेवलो. चवीनं जेवलो, हेही लिहून ठेवतो.

दोन महिन्यांनी तो माणूस आला, टेप धरली आणि म्हणाला, "अरे, तीस भरतंय की. मागच्या वेळी टेप ढिली होती काय?" काकीला बोलावलं. हद्द मान्य आहे का, असं विचारलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वाळा हाय न्हवं. मग झालं." तिनं अंगठा उमटवला. अप्पा काठी टेकत पहिल्यांदाच रानात आले होते. ते रांगेकडं बराच वेळ बघत उभे राहिले, मग तोंडातली तंबाखू थुंकून घरी निघून गेले. मी मनात म्हणालो, सुटलो, ह्यांना तीन फुटांचा काय पत्ता लागणार.

त्या आखितीला काकी आली नाही. दत्ता जुडी घेऊन आला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "आई म्हणली, आमचा करा आमी घरी भरतो." आई रडकुंडीला आली. "आपलं काय चुकलं ओ?" अप्पा म्हणाले, "भरू दे." एवढंच. मृगानंतर एकदा भुरभुर पावसात मी घरी येत होतो, तर अप्पा रानात उकिडवे बसून काहीतरी उपटत होते. जवळ गेलो. जुन्या रांगेच्या जागी, मातीत राहून गेलेल्या तुकड्यांमधून वाळ्याची हिरवी पाती वर आली होती, अगदी एका ओळीत, सुतळी धरल्यासारखी. अप्पा ती एकेक करून मुळासकट काढत होते. "काय करताय?" मी विचारलं. "गवत माजलंय," ते म्हणाले आणि काढलेली पाती ओढ्यात टाकून दिली. माझ्या बापाला आयुष्यात वाळा आणि गवत यांतला फरक कळला नाही असं एकदाही झालं नव्हतं. तरी मी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याची नजर गेली.

दिवाळीनंतर मी कंपनीत लागलो. वाळ्याला लागून भिंत उभी राहिली, वाळा काकीच्या बाजूला राहिला. पुढं लग्न, निगडीचा फ्लॅट, स्टोअरमध्ये बढती, सगळं रीतसर झालं. अप्पा आणि काकी लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी बोलत नसत. अप्पांच्या शेवटच्या दुखण्यात काकी बघायला आली ती उंबऱ्याशीच टेकली. आईनं तांब्याभांडं पुढं केलं. डेऱ्यात जुडी होती, वास येत होता. काकी म्हणाली, "नको, तहान न्हाई." अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटत आलं की ती माझ्यामुळं रागावली आहे आणि मोठ्या मनानं माझं नाव घेत नाही. आपल्या पापाचा केंद्रबिंदू आपणच असतो ही समजूत फार सोयीची असते.

कंपनीनं तळ्याभोवती लावलेला वाळा दत्ताच्या रोपवाटिकेतून आला. त्या उरलेल्या रांगेतूनच फुटवे काढून दत्तानं हा धंदा उभा केला आणि आज तळेगावपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांना तो वाळा पुरवतो. चार टेम्पो आले. चलनावर सही माझी. मी सही करत असताना दत्ता हसून म्हणाला, "दादा, आपल्याच बांधावरचा माल हाय, नीट मोजून घे." मग म्हणाला, "आई लई थकलीय. तुझी आठवण काढती."

तरी मला जायला वैशाख उजाडला. काकी रोपवाटिकेच्या जाळीखाली खुर्चीत बसली होती, पायांशी वाळ्याची मुळं पसरून जुड्या बांधत. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तीस वर्षं पाठ केलेलं एका दमात सांगून टाकलं. रांग मी सरकवली, दोन हात, नोकरीसाठी.

ती जुडी बांधतच राहिली. "मग? मला म्हाईत न्हाई व्हय? दोरीचं टोक कुणाच्या हातात व्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? ते रान तुमचंच व्हतं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "वाळा लावला तवा दादांनी सोताच्या रानात दोन हात आत लावला व्हता. भांडान नगं म्हणून. ह्यांच्या ध्यानात आलं, म्हणून तर ह्यांनी घागरी आणल्या. पुना कुणी त्याचं नाव काढायचं न्हाई, असं दोघा भावांचं ठरलं व्हतं. सरकारी मोजणी झाली असती, तर तुमचं तीन फूट कागदावरच निघालं असतं."

मी चोरी केलीच नव्हती. इतकी वर्षं जपलेलं पाप माझ्या हातातून असं निसटलं, आणि खरं सांगतो, एक क्षण मला हलकंही वाटलं. तेवढ्यात ती पुढं बोलली.

"रान गेल्याचं मला काय न्हाई. पण दिलेलं परत मागायचं तर सोता येऊन मागायचं. ह्यांच्या माघारी, पोराला फुडं करून घेतलं दादांनी. तेच मला लागलं. देवमाणूस म्हणत व्हते मी त्यांना."

"काकी," मी म्हणालो, "अप्पांनी सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो."

तिचे हात थांबले. वाऱ्यानं जाळी फडफडत होती, पलीकडं माझ्या कंपनीचा दुपारचा भोंगा झाला. मग मी तिला पावसातल्या त्या दिवसाचं सांगितलं, अप्पा जुन्या रांगेतली पाती उपटत होते तेव्हाचं. "त्यांना सगळं कळलं होतं," मी म्हणालो. "तुला सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं."

काकी पुटपुटली, "त्यांच्या घरचं पाणी नाकारलं मी. मरत्या माणसासमोर." हे ती माझ्याशी बोलत नव्हती. नंतर तिनं बांधलेली जुडी उचलली, झटकली आणि विचारलं, "परवा आखिती हाय. तुझ्याकडं करा भरता का न्हाई?"

आखितीला दत्ता तिला गाडीतून निगडीला घेऊन आला. लिफ्टमध्ये तिनं माझा दंड घट्ट धरला होता. माझ्या बायकोनं काचेच्या ग्लासात फिल्टरचं पाणी पुढं केलं, ते तिनं बाजूला ठेवलं. आधी अर्धी जुडी माठात टाकली, वास सुटेपर्यंत थांबली आणि मग त्या माठातलं पाणी मागून घेतलं. दोन भांडी प्यायली. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून अप्पांच्या फोटोकडं पाठ केली, जशी ती चुलीपाशी करायची, आणि कऱ्यासमोर बसली. तिला करा तोलवेना. तिनं तो माझ्या हातात दिला, अप्पांचं नाव घेतलं, काकांचं घेतलं, आणि जुडी पाण्यात सोडताना मला म्हणाली, "धर नीट. हलवू नगं."